धूर आणि विस्तव : डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त त्याच्या हृदयाबद्दल काय सांगतं?



फलकावर आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवलं. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे डायलिसिस आणि रक्ततपासण्या तुमच्याकडे कुठून आल्या?" प्रश्न रास्त आहे. आमच्या नावामागे 'डॉ.' लागतं ते पीएच.डी.चं, त्यावर कोणाला तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, आज इथे कोणालाही औषधाचा सल्ला मिळणार नाही. औषध सुरू करणं, बंद करणं हे तुमच्या किडनीच्या डॉक्टरांचं काम. आमचं काम वेगळं. एका गोष्टीवरून दुसरी कशी ओळखायची आणि ओळखताना माणूस कुठे फसतो, हे आम्ही पस्तीस वर्षं शिकवलं. याला आपल्याकडे अनुमान म्हणतात. आणि रक्ताचा रिपोर्ट वाचणं हे अनुमानच आहे.

विषय घरातून आला. आमचे धाकटे मेहुणे चार वर्षं डायलिसिसवर होते. मधुमेह जुना, त्यात किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, आम्ही किंवा आमची पत्नी त्यांच्याबरोबर केंद्रावर जाऊन बसत असू. दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट यायचा आणि तो घरी मोठ्याने वाचून दाखवायचं काम आमच्याकडे होतं. ज्या आकड्यापुढे चांदणी छापलेली असेल तो वाईट, बाकी चांगले, इतकीच आमची विद्या. तिसऱ्या वर्षी एकदा कोलेस्टेरॉल १२४ आलं. आधी ते २२०च्या वर असायचं. घरात आनंदीआनंद. पत्नीने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोच कागद हातात घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते म्हणाले, "सर, हा आकडा कमी केलेला नाही, कमी झालेला आहे. अल्ब्युमिन बघा, वजन बघा. हे जेवत नाहीयेत."

कमी केलेला आणि कमी झालेला. एवढ्या दोन शब्दांतला फरक समजून घ्यायला आम्हाला पुढे बरंच वाचावं लागलं. त्या वाचनाचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

यंत्राने वाचवलेला माणूस कशाने गेला?

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या सिएटल शहराचं उदाहरण द्यायचो. तिथे १९६२ साली डायलिसिसची यंत्रं मोजकी आणि रुग्ण फार, अशी स्थिती होती. यंत्र कोणाला द्यायचं हे ठरवायला सात जणांची एक समिती बसली. म्हणजे कोणी जगायचं हे ती ठरवणार. वैद्यकीय नीतिशास्त्राचा इतिहास सांगताना या समितीचा उल्लेख हटकून होतो. पण गोष्टीचा पुढचा भाग आम्ही वर्गात कधी सांगितला नाही, कारण तो आम्हालाच माहीत नव्हता.

थोडं मागे जाऊ. डायलिसिसचं पहिलं उपयोगी यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ साली, जर्मन फौजांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये उभं केलं. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्यांतून ते रक्त फिरवायचे. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि जगली. पण ही सोय तात्पुरत्या बंद पडलेल्या किडनीपुरतीच होती. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडायची, आणि रक्तवाहिन्या संपल्या की उपचार संपला. १९६० साली सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली आणि तेच रक्त पुन्हापुन्हा शुद्ध करता येऊ लागलं. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स. किडन्या पूर्ण निकामी झालेला हा माणूस यंत्रावर अकरा वर्षं जगला.

१९७१ साली तो गेला. किडनीने नाही, हृदयविकाराच्या झटक्याने.

तीनच वर्षांनी, १९७४ साली, सिएटलच्याच डॉक्टरांनी आपल्या ३९ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांपैकी २३ दगावले होते आणि त्यांतले १४ रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या दुष्परिणामांनी. यंत्राने किडनीचं काम उचललं, पण मरण दुसऱ्या दाराने आत आलं. पुढे १९९८ साली मोठ्या प्रमाणावर आकडे मांडले गेले तेव्हा दिसलं, की डायलिसिसच्या रुग्णाला हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका सर्वसाधारण माणसाच्या दहा ते वीस पट असतो. पंचविशी-तिशीतल्या रुग्णाचा धोका तर समाजातल्या ऐंशी ओलांडलेल्यांच्या बरोबरीला जातो.

मग साहजिकच प्रश्न आला. हे आधी कळेल का? रक्त तर दर महिन्याला काढलंच जातं. त्यात अशी काही खूण सापडेल का, की जी सांगेल, या माणसाच्या हृदयाकडे आता लक्ष द्या? या खुणांना आज बायोमार्कर म्हणतात.

खूण तीन कामं करते

न्यायशास्त्रातला सगळ्यात प्रसिद्ध दाखला तुम्हाला माहीत असेल. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून आपण म्हणतो की तिथे विस्तव आहे. विस्तव दिसत नाही, धूर दिसतो. धूर ही खूण. शास्त्रात तिला लिंग किंवा हेतू म्हणतात. जिथे धूर तिथे विस्तव, हा नियम पक्का असेल तरच अनुमान उभं राहतं. त्या पक्क्या नात्याला व्याप्ती म्हणतात.

आता रक्तातल्या खुणेकडून आपण एकाच वेळी तीन वेगळ्या अपेक्षा ठेवतो आणि त्यांची सरमिसळ करतो. पहिली अपेक्षा निदानाची : आत्ता, या क्षणी हृदयाला इजा होते आहे का? दुसरी भाकिताची : येत्या वर्षा-दोन वर्षांत कोणाला धोका जास्त? तिसरी उपचाराची : हा आकडा औषधाने खाली आणला तर माणूस वाचेल का? धूर पाहून विस्तव ओळखणं हे पहिलं. धुराचं प्रमाण पाहून विस्तव कुठवर पसरेल याचा अंदाज बांधणं हे दुसरं. आणि पंखा लावून धूर घालवला म्हणजे विस्तव विझला असं समजणं हे तिसरं. तिसऱ्यात काय चूक आहे हे गॅस येण्याआधीच्या आमच्या आजीलाही कळत होतं. पण कागदावरच्या आकड्यांपुढे बसलं की भली भली माणसं ते विसरतात.

कोलेस्टेरॉल : उलटलेला नियम

आमच्या घरात साखर ठेवली गेली त्या आकड्यापासून सुरू करू. कोलेस्टेरॉल जास्त तर हृदयविकाराचा धोका जास्त, हे ज्ञान मुख्यतः अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासातून आपल्यापर्यंत आलं. तिथली माणसं चालतीफिरती, किडनी शाबूत असलेली. त्यांच्यापुरता नियम खरा.

१९९० साली बारा हजारांहून अधिक डायलिसिसच्या रुग्णांचे आकडे तपासले गेले आणि चित्र उलटं निघालं. ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी, ते जास्त संख्येने दगावत होते. मग काय म्हणायचं, तूप-लोणी खा आणि जगा? काहींनी खरंच तसा अर्थ काढायला सुरुवात केली.

इथे न्यायशास्त्रातली आणखी एक कल्पना उपयोगी पडते. जिथे धूर तिथे विस्तव हे खरं. पण जिथे विस्तव तिथे धूर हे खरं नाही. लोहाराच्या भट्टीतला लाल तापलेला लोखंडाचा गोळा पाहा. विस्तव आहे, धूर नाही. धूर निघायला सरपण ओलं लागतं. ओल्या सरपणाची ही जी लपलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. उपाधी ध्यानात घेतली नाही की अनुमान फसतं.

डायलिसिसच्या रुग्णात ही उपाधी कोणती? शरीरात धुमसणारा दाह आणि कुपोषण. आजार आतून पोखरत असतो, भूक मरते, स्नायू झिजतात आणि त्याबरोबर कोलेस्टेरॉलही खाली येतं. म्हणजे कमी कोलेस्टेरॉलने माणूस मरत नव्हता. ज्या कारणाने तो मरणाकडे चालला होता, त्याच कारणाने त्याचं कोलेस्टेरॉल कमी झालं होतं. २००४ साली एका अभ्यासात रुग्णांचे दोन गट करून पाहिले. दाह आणि कुपोषण असलेले एकीकडे, नसलेले दुसरीकडे. ज्यांच्यात ते नव्हतं त्यांच्यात फ्रॅमिंगहॅमचाच नियम परत दिसला. जास्त कोलेस्टेरॉल, जास्त धोका. उपाधी बाजूला काढली आणि नियम सरळ झाला.

बरं, मग औषधाने कोलेस्टेरॉल उतरवलं तर? हा तिसऱ्या अपेक्षेचा प्रश्न, आणि त्याची परीक्षा दोनदा झाली. जर्मनीत मधुमेह असलेल्या १,२५५ डायलिसिस रुग्णांवर ॲटोर्वास्टॅटिनची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली आले. वाईट कोलेस्टेरॉल ४२ टक्क्यांनी उतरलं. पण हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून जो मुख्य आकडा होता, त्यात भरवशाचा फरक पडला नाही. २००९ साली रोसुवास्टॅटिनची २,७७६ रुग्णांवरची चाचणी आली. तीच कथा. आकडा ४३ टक्क्यांनी खाली, रुग्ण जिथल्या तिथे.

याचा अर्थ स्टॅटिनच्या गोळ्या निरुपयोगी असा करू नका. २०११ साली आलेल्या, नऊ हजारांहून अधिक किडनी रुग्णांच्या चाचणीत सिम्वास्टॅटिन आणि एझेटिमाइब या जोडीने रक्तवाहिन्या तुंबण्याच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यांतले बहुसंख्य रुग्ण अजून डायलिसिसपर्यंत पोहोचले नव्हते. म्हणून २०१३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, की डायलिसिसवर आलेल्या रुग्णाला स्टॅटिन नव्याने सुरू करू नये. पण आधीपासून घेत असेल तर चालू ठेवावं. वेळ महत्त्वाची. पेरणीच्या वेळचा पाऊस आणि कापणीच्या वेळचा पाऊस, पाणी तेच असतं.

औषध का चाललं नाही? कारण डायलिसिसच्या रुग्णाचं हृदय बरेचदा वेगळ्या वाटेने जातं. नळी चरबीने तुंबणं ही एक वाट झाली. इथे हृदयाचा स्नायूच जाड झालेला असतो, कारण वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब आणि साचलेलं पाणी त्याने ओढलेलं असतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या ताठ होतात. आणि क्षारांच्या चढउतारात हृदयाचा ठेका अचानक बिघडतो. जर्मनीतल्या त्या चाचणीत सुमारे एक चतुर्थांश मृत्यू असे अचानक आलेले होते. स्टॅटिन यावर काय करणार?

ट्रोपोनिन : चुलीचं स्वयंपाकघर

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. छातीत दुखतंय म्हणून कोणी दवाखान्यात गेलं की पहिल्या तपासण्यांत हे असतं. पण डायलिसिसच्या रुग्णाचं ट्रोपोनिन छातीत काही दुखत नसतानाही वाढलेलं असतं. २००२ साली अमेरिकेत ७३३ रुग्ण तपासले. त्यांपैकी ८२ टक्क्यांचं ट्रोपोनिन टी निरोगी माणसाच्या मर्यादेबाहेर होतं. त्याच रुग्णांत त्याचं भावंड, ट्रोपोनिन आय, फक्त ६ टक्क्यांमध्ये वाढलेलं होतं. म्हणजे कोणती तपासणी केली यावर सुद्धा उत्तर ठरतं.

आधी अनेकांना वाटलं, किडनी गाळत नाही म्हणून हे रक्तात साठत असेल, दुर्लक्ष करा. तसं नाही. ज्यांचा आकडा सगळ्यांत खालच्या गटात, त्यांच्यात दोन वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास. सगळ्यांत वरच्या गटात ते निम्म्याच्या जवळ. हा आकडा धोका खरोखर सांगतो. हृदयाचा स्नायू रोज थोडाथोडा झिजतो आहे, त्याची ती नोंद असते. म्हणून २००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डायलिसिसच्या रुग्णांत धोक्याचा अंदाज घेण्यासाठी ट्रोपोनिन टीच्या वापराला मान्यता दिली.

म्हणजे भाकिताला चांगलं, पण निदानाला एकटं अपुरं. जुन्या घरात चुलीचं स्वयंपाकघर असायचं. तिथे धूर कायमचाच. धूर दिसला म्हणून कोणी आग लागली असं ओरडत नाही. पण रोजच्यापेक्षा धूर एकदम वाढला, तर घरातली माणसं धावतात. डॉक्टरही तेच करतात. एका आकड्यावर न थांबता काही तासांनी पुन्हा रक्त काढतात. आधीच वाढलेला आकडा आणखी वीस टक्क्यांहून जास्त चढला किंवा उतरला, तर ताजी इजा समजायची, असा दंडक आहे. तेव्हा नातेवाइकांनी एक गोष्ट करावी. रुग्ण ठीक असतानाचा ट्रोपोनिनचा आकडा कधी काढला असेल तर तो फाइलमध्ये पहिल्याच पानावर लावून ठेवावा. रात्री-अपरात्री अनोळखी दवाखान्यात नेण्याची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला तो फार उपयोगी पडतो.

एनटी-प्रोबीएनपी ही अशीच दुसरी खूण. हृदयाची भिंत पाण्याच्या भाराने ताणली की ते रक्तात येतं. डायलिसिसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत ते प्रचंड वाढलेलं असतं, एक तर हृदय ताणलेलं म्हणून आणि दुसरं म्हणजे ते बाहेर टाकणारी किडनी बंद म्हणून. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. याच माणसाचा मागचा आकडा काय होता, हे विचारायचं.

अल्ब्युमिन आणि सीआरपी : साध्या खुणा

आता जरा गंमत पाहा. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जुनी तपासणी अल्ब्युमिनची. यकृत तयार करतं ते हे प्रथिन. १९९०च्या त्याच मोठ्या अभ्यासात मृत्यूचा धोका सांगण्यात अल्ब्युमिन फार पुढे होतं. ते का उतरतं? दाह आणि कुपोषण, तीच आपली उपाधी. स्वीडनमधल्या संशोधकांनी कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्यांचा रोग ही तिन्ही एकमेकांना कशी खेचत नेतात हे दाखवलं. आपल्या भाषेत दुष्टचक्र.

दाहाची थेट खूण म्हणजे सीआरपी. ते वाढलं की एक प्रश्न हाती येतो, म्हणून ते कामाचं. कुठे काय धुमसतंय? मानेत बसवलेल्या कॅथेटरला जंतुसंसर्ग झालाय का? हिरड्या सुजल्यात का? पायाला जखम आहे का? म्हणून डॉक्टर कॅथेटरपेक्षा हातावरच्या फिस्टुलाचा आग्रह धरतात. त्या आग्रहाला एक कारण हृदयाचंही आहे.

आमच्या मेहुण्यांचं सांगतो. त्या १२४ आकड्यानंतर डॉक्टरांनी शोध घेतला. दोन दाढा किडून पू झालेला होता. ते चावता येत नाही म्हणून जेवत नव्हते आणि आम्ही समजत होतो की पथ्य पाळताहेत. दाढा काढल्या, आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याचा पांढरा भाग सुरू केला. तीन-चार महिन्यांत अल्ब्युमिन चढलं आणि कोलेस्टेरॉलही थोडं वर गेलं. या वेळी कोलेस्टेरॉल वाढल्याचा आनंद झाला. साखर मात्र ठेवली नाही. आम्ही शहाणे झालो होतो.

आकडा उतरला, माणूस वाचला का?

फॉस्फरस घ्या. १९९८च्या अभ्यासात ज्यांचं फॉस्फरस ६.५ मिलिग्रॅमच्या वर होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी जास्त दिसला. इथे यंत्रणाही समजते. जादा फॉस्फरस रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींना हाडासारखं वागायला लावतं, मग तिथे कॅल्शियम बसतं. २००० साली लहानपणापासूनच्या किडनी रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्रण केलं गेलं. वीस ते तीस वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांत कॅल्शियम साचलेलं दिसलं. विशी-तिशीत! म्हणून पाकीटबंद पदार्थ, कोला, प्रक्रिया केलेलं चीज यांवर बंदी असते आणि जेवणाबरोबर फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या असतात. जेवणाबरोबर, नंतर नाही. त्या अन्नातलंच फॉस्फरस पकडतात.

पण साखळीतल्या प्रत्येक कडीला हात घालून फळ मिळतंच असं नाही. पॅराथायरॉइड संप्रेरक उतरवणाऱ्या सिनॅकॅल्सेट या औषधाची ३,८८३ रुग्णांवरची चाचणी २०१२ साली आली. संप्रेरक उतरलं, मृत्यू आणि हृदयाच्या घटना मुख्य हिशेबात ठामपणे कमी झाल्या असं म्हणता आलं नाही. होमोसिस्टीनचंही तसंच. किडनी रुग्णांत ते वाढलेलं असतं आणि फॉलिक ॲसिड, ब जीवनसत्त्वांनी उतरतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या २००७च्या चाचणीत ते सुमारे चतुर्थांशाने उतरलं. मृत्यू कमी झाले नाहीत.

सगळ्यांत बोलका दाखला हिमोग्लोबिनचा. डायलिसिसच्या रुग्णाला रक्तक्षय असतो, त्याने हृदयावर ताण येतो. मग एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं देऊन रक्त अगदी निरोगी माणसाइतकं केलं तर? हृदयरोग असलेल्या १,२३३ डायलिसिस रुग्णांवर हे करून पाहिलं. १९९८ साली निष्कर्ष आले. ज्या गटाचं रक्त पूर्ण 'नॉर्मल' करायचा प्रयत्न होता, त्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके जास्त झाले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिन दहा-अकराच्या आसपास ठेवतात तेव्हा, "अजून वाढवा ना" असा हट्ट धरू नये. नॉर्मल हा शब्द निरोगी माणसांच्या रक्तावरून ठरलेला आहे. तो डायलिसिसच्या रुग्णाचं ध्येय असेलच असं नाही.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. "हृदयाच्या सगळ्या मार्करचं एकच पॅकेज सवलतीत मिळतं, ते दर तीन महिन्यांनी करावं का?" ताई किंवा दादा, जे कोणी असाल, आमचं उत्तर असं. तपासणी करण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा : हा आकडा वाढलेला आला तर तुम्ही आजच्यापेक्षा वेगळं काय कराल? उत्तर मिळालं तर जरूर करा. "बघू" असं उत्तर आलं, तर ते पैसे अंडी आणि रिक्षाभाडं यांना ठेवा. रिक्षाभाडं आम्ही उगाच म्हणत नाही. त्याचं कारण आता सांगतो.

जे रिपोर्टात छापत नाहीत

२०११ साली अमेरिकेतल्या ३२,०६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे डायलिसिस आठवड्यातून तीनदा, म्हणजे आठवड्यात एक खंड दोन दिवसांचा पडतो. या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त निघालं. १०० रुग्ण-वर्षांमागे २२.१, एरवी १८.०. कारण उघड आहे. त्या खंडात पाणी साचतं, पोटॅशियम चढतं, हृदय ताणलं जातं. मग चार तासांत ते सगळं एकदम उपसलं जातं.

आपल्याकडे पुष्कळ रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. पैसा, अंतर, सोबत यायला माणूस नसणं, कामावरची रजा. कारणं आपण सगळे जाणतो. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होतं, केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही २०१६ साली जाहीर झाला. उपचाराचा खर्च त्यातून सुटला तरी पोहोचायचा खर्च आणि खाडा होणारी मजुरी उरतेच. दोनदा म्हणजे एक खंड तीन दिवसांवर जातो. त्यात लग्नकार्य निघालं, एसटी चुकली आणि एक फेरी बुडाली, तर तो आठवड्यावर जातो. हा खंड कुठल्याच रिपोर्टात चांदणी लावून छापला जात नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो.

मेहुणे एका मंगळवारी पहाटे गेले. शुक्रवारच्या डायलिसिसनंतरचा मोठा खंड संपत आला होता, साडेसातचा नंबर होता. झोपेतच गेले. त्या महिन्याचा रिपोर्ट बरा होता, आम्हीच वाचून दाखवला होता. त्यांच्या हृदयाचं नेमकं काय झालं हे आम्ही सिद्ध करू शकत नाही, आणि एका माणसावरून नियम काढायचा नाही हे आयुष्यभर शिकवलं आहे. पण एवढं खरं, की चार वर्षं आमची नजर कागदावरच्या चांदण्यांवर होती. तिसऱ्या फेरीसाठी काय करता येईल, हे आम्ही एकदाही कोणाला विचारलं नाही. कदाचित जमलं नसतं. पण विचारलं नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी हा रुग्ण आहे त्यांनी रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारावेत. मागच्या वेळी हा आकडा किती होता? रक्त कधी काढलं, डायलिसिसच्या आधी की नंतर, छोट्या खंडानंतर की मोठ्या? आणि हा आकडा बदलला आहे की आपण बदलवला आहे? त्यानंतर कागद बाजूला ठेवून माणसाकडे पाहावं. ताटात किती उरलं, दोन फेऱ्यांमध्ये वजन किती वाढलं, पायावर सूज आहे का, रात्री उशा किती लागतात, पुढची फेरी चुकणार तर नाही ना. या सगळ्या खुणाच आहेत, आणि त्या वाचायला प्रयोगशाळा लागत नाही.